तव्यातली दुसरी बाई

माझी नोकरी नेमकी काय होती, हे मी आजवर कुणाला एका वाक्यात सांगू शकलेलो नाही. धाकट्या बहिणीच्या सोयरिकीच्या बैठकीत पाहुण्यांनी विचारलं, "आपण काय करता?" मी म्हटलं, "शिक्षण खात्यात आहे." "म्हणजे मास्तर?" "मास्तर होतो. आता फोनो वाजवतो." पाहुण्यांनी एकमेकांपुढं पानाचं तबक सरकवलं. मग त्यांच्यातल्या एका वडीलधाऱ्यानं हळूच विचारलं, "लगीनसराई नसली म्हणजे काय करता?" सोयरीक जुळली, पण त्यात माझा हात काही नव्हता.

आता निवृत्त होऊन बसलोय आणि विचारणारं कुणी उरलेलं नाही, तेव्हा सविस्तर सांगतो.

विलीनीकरण झालं, निजामाची सद्दी संपली आणि उस्मानाबादच्या आमच्या दफ्तरात पुण्याकडचे एक साहेब आले. माणूस उत्साही. खेड्यातल्या माणसाला अक्षर यावं, त्यानं पाणी गाळून प्यावं आणि त्याला शास्त्रीय संगीत कळावं, असा त्यांचा ध्यास. पहिल्या दोन गोष्टींना माणसं मिळाली. तिसरीला कोण मिळणार? मी तेव्हा तुळजापुरात मास्तर होतो. माझं सगळं शिक्षण उर्दूत झालेलं, आणि आता शिकवायचं मराठीत. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, पोरं माझ्याच चुका काढायची. पण हैदराबादेत शिकायला होतो तेव्हा एका उस्तादांच्या घरी दोन-चार वर्षं तानपुरा धरला होता, थोडं गाणंही गळ्यात उतरलं होतं. साहेबांच्या कानावर हे गेलं. शाळेची एक पीडा टळली आणि योजनेला माणूस मिळाला.

माझ्याकडं एक चावीचा फोनो आला, सुयांची डबी आली आणि लाकडी पेटीत उभे लावलेले तवे आले. तवा म्हणजे रेकॉर्ड, आमच्याकडं तवाच म्हणत. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं, की उलटा. दर तव्याला सुई बदलायची, नाहीतर गाणं खरवडून निघतं. चावी पुरती दिली नाही तर बाई गाता गाता बुवा होते. तव्यांच्या मधे बायकोची जुनी लुगडी कोंबायची आणि ती पेटी एस.टी.त मांडीवर घेऊन बसायचं. उमरगा, लोहारा, नळदुर्ग, जिथं रस्ता संपेल तिथून पुढं बैलगाडी. माझ्या पोरांना मी इतका वेळ मांडीवर घेतलं नाही, असं बायको अजून म्हणते. खरंच आहे ते.

पहिलं वर्ष फुकट गेलं. चावडीपुढं माणसं जमायची, मी उभा राहून राग म्हणजे काय, थाट म्हणजे काय, सकाळचा कुठला, संध्याकाळचा कुठला हे सांगायचो आणि मग तवा लावायचो. उमरग्याजवळच्या एका गावात तवा पुरा वाजून थांबला, मी सुई उचलली, आणि पुढ्यात बसलेल्या एकानं अदबीनं विचारलं, "मास्तर, गाणं कवा सुरू व्हणार?"

मला वाट दाखवली लोहाऱ्याकडच्या एका धनगराच्या वस्तीनं. तिथला मायाप्पा नावाचा म्हातारा फोनोच्या भोंग्यात डोकं घालून बसला होता. तवा संपल्यावर म्हणाला, "मास्तर, ह्यात माणसं किती हायत?"

मला हसू आलं. म्हटलं, "तुम्हीच सांगा."

"एक बाई हाय. एक तिच्या मागं मागं रडत चाललाय. एक हाणतोय. तीन."

त्याची सून म्हणाली, "मामा, चार. एक भुंगा हाय की. मघापासनं घूं घूं करतोय."

"त्यो काय कराय बसलाय मग? काम तर काय करीना."

आणि अख्खी वस्ती भांडायला लागली. भुंगा आहे की नाही, आहे तर तो पगार कशाचा खातो. मला तवा चार वेळा लावावा लागला. त्या दिवशी मी राग, थाट आणि सकाळ-संध्याकाळ सगळं गुंडाळून ठेवलं. पुढं जितकी वर्षं ही नोकरी केली तितकी वर्षं मी फक्त दोन प्रश्न विचारले. ह्यात माणसं किती? आणि कोण काय करतंय?

बाहेरच्या माणसाला वाटतं, शास्त्रीय गाणं म्हणजे एक गळा आणि बाकी सगळी गर्दी. तसं नाही. गाण्याला कापडासारखी वीण असते. तो भुंगा म्हणजे तानपुरा. तो काहीच करत नाही, नुसता असतो, आणि बाकीचे सगळे त्याच्या जिवावर उड्या मारतात. मागं मागं रडणारी ती सारंगी. गाणारा गेला की त्याच्या पावलावर पाऊल टाकून ती जाते, आणि तो दमला की मधली जागा भरून काढते. हाणणारा तबला. तो नसतो तेव्हा गाणं विरळ असतं, पलीकडचं दिसतं. तो आला की वीण घट्ट होते, आणि लय वाढली की इतकी घट्ट की पाणी झिरपायचं नाही. कुठं विरळ आहे, कुठं दाट आहे, कुणी कुणाच्या मागं लपलंय, एवढं कानाला कळलं की माणूस गाण्यात शिरला. रागाचं नाव नंतर कळलं तरी चालतं, न कळलं तरी चालतं. साहेबांना हे पटायला वेळ लागला. ते म्हणायचे, "अहो, पण शास्त्र?" मी म्हणायचो, "साहेब, आधी माणसं मोजू द्या, मग त्यांची जात विचारू." तुळजापूरच्या गोंधळ्यांना तर काही समजावूनच द्यावं लागलं नाही. तुणतुणं, संबळ, म्होरक्या आणि त्याची झील धरणारा, सगळा संसार त्यांच्या घरचाच. त्यांच्यातला एकजण तवा ऐकून म्हणाला, "आमचंच हाय की हे. फकस्त लई सावकाश."

माझ्या पेटीत एक तवा माझा लाडका होता. हैदराबादच्या एका बाईजींचा. त्यांचं नाव इथं घालत नाही, त्याचं कारण पुढं कळेलच. त्या तव्यात एक जागा अशी होती की बाईजी वरच्या षड्जावर जायच्या आणि तिथं थांबायच्या. थांबायच्या म्हणजे किती? ऐकणाऱ्याचा श्वास संपायचा, त्यांचा संपायचा नाही. मी दर वेळी तिथं हात वर करायचो आणि सुई पुढं गेली की म्हणायचो, "ह्याला म्हणतात दमसास." लोक माना डोलवायचे. हैदराबादेतही त्या सुराचा बोलबाला होता. आमचे उस्ताद कुणाचं कौतुक सहसा करत नसत, पण त्या तव्याबद्दल आदरानं कानाची पाळी धरायचे.

एकदा लोहाऱ्यात शाळेच्या ओसरीवर बायकांसाठी दुपारचा कार्यक्रम ठेवला होता. बायका आपापलं काम घेऊन आलेल्या. कुणी तांदूळ निवडतंय, कुणी वाती वळतंय. मी तो लाडका तवा लावला, हात वर केला, दमसास सांगितला आणि विचारलं, "माणसं किती?"

"चार," असा गलका झाला. तोवर लोहारा माझ्या हाताखालून गेलेला, तयार कान.

कोपऱ्यातली एक म्हणाली, "पाच."

ही सोनाबाई. तहशिलीतल्या दत्तू चपराश्याची बायको, माहेर तुळजापूर. विशी ओलांडलेली, अंगानं किरकोळ, आणि एरवी तोंडातून शब्द काढायची नाही.

मी म्हटलं, "चारच आहेत सोनाबाई. बाई, सारंगी, तबला, तानपुरा."

"बाया दोन हायत मास्तर."

"ती सारंगी आहे. गळ्यासारखीच वाजते, भल्याभल्यांना फसवते."

"सारंगी मला ठावं हाय. ही बाई हाय. सारंगी दम घेती व्हय?"

मी परत तवा लावला. ती उठून भोंग्याजवळ येऊन बसली, आणि बाईजी वरच्या सुरावर पोचल्या तसं तिनं बोट वर केलं. "आता. ऐका."

सूर चालू होता. बाईजींचा सूर अखंड चालू होता, आणि त्याच्या खाली कुणीतरी आत श्वास ओढला. लहानसा आवाज, पदर ओढावा इतकाच. मी तो आवाज आधीही शंभरदा ऐकला होता आणि सुईची खरखर समजून सोडून दिला होता. आता कळल्यावर तो लपेचना. आधी एक गळा सूर धरतो, तो ओसरायच्या आत दुसरा त्याला खालून उचलतो, पहिला सुटतो, दम घेतो आणि परत येतो. सांधा इतका बेमालूम की नखाला लागत नाही. इतकी वर्षं हात वर करून मी एका बाईचा दमसास सांगत होतो आणि तो होता दोघींचा.

बायकांना केवढं नवल वाटलं. सगळ्यांनी आळीपाळीनं भोंग्याला कान लावला. सोनाबाई मात्र आपल्या कोपऱ्यात जाऊन बसली. पांगापांग झाली, मी तवे पुसून पेटीत घालत होतो, तेव्हा ती जवळ आली आणि म्हणाली, "मास्तर, ती दुसरी आमची अक्का हाय."

तिचं बोलणं तुटक होतं, मी जुळवून सांगतो. तिचे वडील देवीचे आराधी. गळ्यात कवड्यांची माळ, हातात तुणतुणं, आणि मंगळवार-शुक्रवार देवळापुढं गाणं. थोरली मुलगी रखमा त्यांच्या मागं झील धरायची. झील धरणाऱ्याचं काम असं की पुढच्याची ओळ संपायच्या आतच ती उचलायची, म्हणजे देवीपुढं गाणं तुटत नाही. रखमा त्यात अशी तरबेज की वडील कुठं थांबले ते लोकांना कळायचं नाही. सोना तिच्या मांडीत बसून असायची. रझाकारीच्या तीन-चार वर्षं आधी हैदराबादच्या बाईजी नवस फेडायला तुळजापुरी आल्या, त्यांनी रखमेला ऐकलं, आणि पोरगी मला द्या, गाणं शिकवते, असं वडिलांना म्हणाल्या. वडिलांनी त्यांना जे ऐकवलं ते छापण्याजोगं नाही. बाईजी गेल्या. आणि थोड्याच दिवसांत रखमाही गेली. वडिलांनी घरात तिचं नाव काढायचं नाही म्हणून बजावलं. पुढं रझाकारांचा धुमाकूळ झाला, येणं-जाणं तुटलं, वडील वारले, आई त्याआधीच गेलेली. कुणी म्हणे रखमा त्या दंगलीत मेली, कुणी म्हणे तापानं.

"ती जित्ती हाय का न्हाय एवढंच मला कळाया पायजे," सोनाबाई म्हणाली. "दुसरं काय न्हाय."

तवा रझाकारीच्याही आधीचा. तव्यातली बाई जिवंत असते, पण तव्याबाहेरची असेलच असं कुठं आहे? आणि मुळात ती रखमाच कशावरून? मी म्हटलं, "सोनाबाई, आवाजासारखा आवाज असतो." ती म्हणाली, "असतो की. पर उचलायची रीत कशी सारखी आसंल?"

चार दिवसांनी दत्तू मला शोधत तुळजापूरला आला. मला वाटलं, बायकोच्या डोक्यात भलतंसलतं भरवलं म्हणून भांडायला आला असणार. तो ओट्यावर बसला, पाणी प्याला, टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मास्तर, ती जेवंना झालीया नीट. तव्यातली बाई तिची अक्का हाय, ह्ये होऊ शकतं का? मला खरं सांगा."

"होऊ शकतं," मी म्हटलं. "नसूही शकते."

"मग हैद्राबादला न्यावं का न्यावं न्हाय?" तो टोपी चाचपत राहिला. "आता तिला निदान आशा हाय. तिथं जाऊन मेली म्हणून कळलं तर? परत कोण आणंल तिला लोहाऱ्याला? माणूस येईल, पर ती येईल का?"

चपराशी माणूस, कचेरीत साहेबानं घंटी मारली की उभा राहणारा. बायकोबद्दल इतक्या काळजीनं बोलणारा नवरा मी फार पाहिलेला नाही, स्वतःला धरून. मी म्हटलं, "न्या. मी बरोबर येतो. तिनं ऐकलंय, आता तिला न ऐकल्यासारखं करता येणार नाही." आणि साहेबांना म्हटलं, सुया संपल्यात, हैदराबादला जावं लागेल. सुया खरंच संपत आल्या होत्या.

उमरग्याहून मोटार पकडली. सोनाबाई खिडकीशी बसली होती. दत्तू दर थांब्याला उतरून तिच्यासाठी काहीबाही आणायचा, पेरू, फुटाणे, आणि ती ते हातात धरून ठेवायची. पोचेपर्यंत तिच्या ओटीत एक दुकान जमलं.

हैदराबादची जुनी गल्लीबोळं माझ्या पायाखालची. तवे विकणाऱ्या एका ओळखीच्या दुकानदाराकडून पत्ता काढला. अत्तराच्या दुकानावरच्या माडीचा जिना, वर कळकट पडदा. एके काळी ह्या जिन्यावर नवाबांचे जोडे निघायचे असं म्हणत. आता एक मांजर बसलं होतं.

बाईजी तक्क्याला टेकून बसल्या होत्या. केस पांढरे झालेले, छातीत दम्याची शिट्टी. समोर पानदान. दोन वाक्यं बोलल्या की थांबायच्या आणि श्वास गोळा करायच्या. मी उस्तादांचं नाव सांगितलं, त्यांना बरं वाटलं. मग तव्याचा विषय काढला, त्यांना आणखी बरं वाटलं. मग मी विचारलं की त्या वरच्या षड्जाला साथीला दुसरा गळा होता, त्या कोण?

बाईजींचा चेहरा एकदम मिटला.

"मेरे तवे में दूसरा कोई नै," त्या म्हणाल्या. "मैं अकेली गाई."

मला सगळं लख्ख कळलं आणि फार वाईट वाटलं. दमा तेव्हाही होता. अख्ख्या शहरानं ज्या दमसासासाठी कानाची पाळी धरली तो त्यांच्याकडं नव्हताच. तो एका आराध्याच्या पोरीनं झील धरून त्यांना मिळवून दिला होता, आणि आता त्यांच्यापाशी त्या एका सुराचं नाव तेवढं उरलं होतं. आम्ही परगावाहून येऊन नेमकं तेच मागत होतो. मी काय म्हणून त्यांच्याशी वाद घालणार? दत्तूनं माझ्याकडं पाहिलं, मी मानेनंच नको म्हटलं.

सोनाबाई दारातच उभी होती. ती आत आली, बाईजींच्या पुढ्यात बसली आणि ओटीतले पेरू काढून त्यांच्यापुढं मांडून ठेवले.

"बाई," ती म्हणाली, "गाणं तुमचंच हाय. मी कुनाला काय सांगणार न्हाय, हे मास्तरबी सांगणार न्हाईत. मला तुमच्या सुरातलं काय नको. माझी भैन पायजे."

बाईजींना मराठी येत होतं की नाही ठाऊक नाही. पण कळलं सगळं. त्यांनी तिच्या नाकाकडं, हनुवटीकडं निरखून पाहिलं. मग पानदान बाजूला सारलं आणि आतल्या पडद्याकडं तोंड करून हाक मारली, "रुखमा, बाहर आ."

पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे मला शेवटी फाटे फोडावे लागणार नाहीत. रखमाबाई त्या वेळी आमच्याबरोबर आल्या नाहीत. बाईजींचं दुसरं कुणी नव्हतं, त्यांना टाकून येणं रखमाबाईंना पटलं नाही आणि आम्हीही आग्रह केला नाही. सोनाबाई मात्र दर वर्षी जाऊ लागली, दत्तू तिला मोटारीत बसवून द्यायचा. बाईजी गेल्यावर रखमाबाई लोहाऱ्याला बहिणीकडं आल्या आणि तिथल्या पोरीबाळींना गाणं शिकवू लागल्या. माझी योजना तोवर बंद पडली होती. घरोघर रेडिओ आले, फोनो कुणाला हवा होता? मी परत शाळेत जाऊन ऱ्हस्व-दीर्घ चुकवू लागलो. बाईजींचं नाव मी इथं घातलं नाही ते सोनाबाईनं दिलेल्या शब्दासाठी. तो शब्द मलाही बांधून आहे.

तर त्या दुपारचं.

पडदा सरला आणि एक बाई बाहेर आली. उंच, हाताला पीठ, अंगावर हैदराबादी चालीचा पदर. तिनं आमच्याकडं परक्या माणसांकडं बघावं तसं पाहिलं. दहा वर्षांची सोना मागं टाकून गेलेली, तिला आताची सोना कुठून ओळखू यावी? सोनाबाई उठून उभी राहिली. वाटेत किती काय ठरवलं असेल बिचारीनं. शेवटी दत्तूच म्हणाला, "अक्का, ही तुळजापूरची सोना."

रखमाबाई पिठाचे हात तसेच धरून उभ्या राहिल्या. मग जवळ येऊन तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला, गालांना पीठ लागलं, आणि पुसायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. दोघी रडल्या. दत्तू भिंतीकडं तोंड करून उभा होता. बाईजी पानाला चुना लावत होत्या, लावतच होत्या. मीही रडलो, त्यात लपवायचं काय.

रडणं ओसरल्यावर रखमाबाईंनी विचारलं, "आबा?"

"गेले."

"आई?"

"ती आधीच."

त्यांनी मान हलवली. मराठी आठवून आठवून बोलत होत्या. "म्या लई दिस वाट बगितली, कुणी येतंय का म्हणून. मग तुळजापूरचा एक माणूस बाजारात भेटला. त्यानं सांगितलं, तुझ्या आबानं तुझ्या नावानं आंघोळ केली. मेलेल्या माणसाच्या नावानं करत्यात तशी, समद्या घरानं." त्यांनी सोनाबाईकडं पाहिलं. "मग कशी येऊ? मेलेल्या माणसानं कोणच्या तोंडानं घरी जायचं?"

हे मला ठाऊक नव्हतं. दत्तूलाही नव्हतं. सोनाबाईनं एवढ्या वर्षांत नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

"केली व्हती," सोनाबाई म्हणाली. "आबानं केली, आईनं केली. चुलता, चुलती, समद्यांनी नदीवर जाऊन केली."

"आन् तू?"

"मला बोलवाय आले व्हते. मी कडब्याच्या गंजीत लपून बसले. सांज होस्तवर निघालेच न्हाय. आबानं मारलं लई, पर पाणी म्या अंगाला लावून घेतलं न्हाय." तिनं डोळे पुसले. "माझी ऱ्हायलीया ती आंघोळ, अक्का. आजून ऱ्हायलीया."

रखमाबाईंनी तिला पोटाशी धरलं आणि तिच्या डोक्यावर हनुवटी टेकवली.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "ती तशीच ऱ्हाऊ दे."